हंटरवालीचा मुखवटा कोणाला बसतो?

ऐकायला वेळ मिळत नाही पण वाचायला आवडतं, अशा श्रोत्यांसाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना घेतलेले श्वास आणि शंभर वेळा आलेलं "म्हणजे काय तर" एवढं वगळलं, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आज विषय सुपरहीरोंचा आहे, पण मार्व्हलचा नाही. आधी थोडी तारखांची उजळणी. सुपरमॅन आला जून १९३८ मध्ये. बॅटमॅन १९३९ मध्ये. वंडर वुमन १९४१ च्या शेवटी. आपल्या आधीच्या पिढीचा लाडका वेताळ अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत फेब्रुवारी १९३६ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे तो इंद्रजाल कॉमिक्समधून आला, तेही १९६४ पासून. आता या सगळ्यांच्या आधी, १९३५ मध्ये, मुंबईच्या परळ भागात एक बाई डोळ्यांवर मुखवटा बांधून, हातात चाबूक घेऊन घोड्यावर बसली आणि तिने गुंडांना बडवायला सुरुवात केली. सिनेमाचं नाव 'हंटरवाली'. म्हणजे मुखवटा, दुहेरी ओळख, गरिबांची बाजू, दुष्टांना शिक्षा हा सगळा साचा आपल्याकडे एका बाईच्या अंगावर आधी बेतला गेला. हे मला कळलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की मग ही बाई गेली कुठे? आणि ती परत आली ती थेट चित्रकलेच्या गॅलरीत का आली?

गोष्ट वाडिया मूव्हिटोनपासून सुरू होते. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया हे दोघे भाऊ, जहाजं बांधणाऱ्या नामांकित पारशी घराण्यातले. १९३३ मध्ये त्यांनी परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वाड्यात स्टुडिओ काढला. त्यांना आवडायचा डग्लस फेअरबँक्स, त्याचा झोरो आणि रॉबिन हूड. मारामाऱ्या, घोडे, धावत्या गाड्या, उड्या. 'हंटरवाली'ची कथा जे.बी.एच. यांची, दिग्दर्शन होमींचं. वजिराने राज्य बळकावलेलं, राजकन्या माधुरी रात्री मुखवटा घालून हंटरवाली होते आणि न्याय करत फिरते. बस्स, एवढीच गोष्ट. वितरकांना हे प्रकरण चालेल असं वाटत नव्हतं. सिनेमा पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. हंटरवालीच्या नावाचे चाबूक, पट्टे, काडेपेट्या बाजारात आल्या, अर्थात वाडियांना एक पैसा न देता. आपल्याकडे मर्चंडाइझिंगची सुरुवातच पायरसीने झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ही माधुरी कोण? मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. लहानपणी मुंबईत आली, वडील पहिल्या महायुद्धात गेले, मग काही वर्षं वायव्य सरहद्दीकडे पेशावरला. घोडेस्वारी ती तिकडे शिकली. परत मुंबईत येऊन तिने दुकानात विक्रेतीचं काम केलं, टायपिंग आणि शॉर्टहँड शिकली, नाच शिकली, सर्कशीत गेली. नादिया हे नाव तिने एका भविष्य सांगणाऱ्या बाईच्या सल्ल्याने घेतलं. वाडियांकडे आली तेव्हा जे.बी.एच. यांनी सुचवलं, की नाव नंदादेवी ठेवू आणि सोनेरी केसांवर लांब काळ्या वेण्यांचा टोप घालू. तिने सरळ नाही म्हटलं. मी काही भारतीय नाही, तसं दिसायचा प्रयत्न कशाला, असा तिचा मुद्दा.

हा नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. मी थोडं माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. आम्ही सॉफ्टवेअर बनवताना अधिकार थेट माणसाला देत नाही, तर रोलला देतो. 'अ‍ॅडमिन' या रोलला सगळे दरवाजे उघडे असतात. तो रोल तुम्हाला मिळाला की दरवाजे उघडतात, काढून घेतला की तुम्ही तेच असता पण दार बंद. आपल्या चित्रांत, नाटकांत, सिनेमात बाईच्या हातात शस्त्र द्यायचे असेच तीन रोल ठरलेले होते. एक देवी. वाघावर बसलेली, आठ हातांची, पण माणूस नव्हे. दुसरी राणी: झाशीची लक्ष्मीबाई, किंवा आमच्या वरच्या अंगाची, गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती, जी १५६४ मध्ये मुघल फौजेशी लढताना गेली. राणी माणूस खरी, पण गादीसाठी लढते, आणि बहुतेक चित्रांत आपण तिला मरणाच्या उंबरठ्यावरच बघतो. आणि तिसरा रोल परकीचा. ती आपल्यातली नाही, त्यामुळे तिने पँट घातली, पुरुषाला खांद्यावर उचलून फेकलं, तरी आपल्या घराची इज्जत जात नाही.

नादियाकडे दोन रोल एकत्र होते: कथेत राजकन्या, पडद्याबाहेर परकी. पुढे कथेतली राजकन्या गळून पडली. 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) मध्ये ती एका स्टेशन मास्तरची मुलगी आहे, बापावर खुनाचा आळ आलाय आणि ती धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते. गोंदियासारख्या जंक्शनच्या आसपास वाढलेल्या माणसाला हा सिनेमा आवडणारच, काय सांगू! 'डायमंड क्वीन' (१९४०) मध्ये ती मुंबईहून शिकून परत आलेली मुलगी आहे आणि गावातल्या गुंडांना सरळ करते. बाईच्या स्वातंत्र्याबद्दल चक्क भाषणही देते. जे.बी.एच. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे, त्यामुळे मारामारीच्या मध्ये असं काहीतरी घुसवायची त्यांना हौस होती. तेव्हा राणीपणाची गरज उरली नाही. पण सोनेरी केस शेवटपर्यंत राहिले. अभ्यासक रोझी थॉमस यांनी नादियावर बरंच लिहिलंय. त्यांच्या मते ती एकाच वेळी गोरी मेमसाहेब आणि आपल्या परंपरेतली वीरांगना अशी दोन्ही होती, आणि प्रेक्षकांना त्यात काहीच अडचण वाटली नाही.

आता त्याच १९३५ सालात जरा पुण्याकडे जाऊ. प्रभातचा 'धर्मात्मा' त्याच वर्षीचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि संत एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नारायणराव राजहंस, ज्यांच्याकडे बघून महाराष्ट्रातल्या बायका साडी कशी नेसायची, गजरा कसा माळायचा हे शिकत होत्या, ते पडद्यावर पुरुष म्हणून आले. आणि लोकांना काही ते पटलं नाही. प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रपटानंतर संपला, आणि १९३७ मध्ये 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरा होऊन उभे राहिले. म्हणजे बघा, एकाच वर्षी मुंबईत एक बाई पुरुषाची म्हणून समजली जाणारी सगळी कामं करते आणि गर्दी शिट्ट्या वाजवते. पुण्याच्या चित्रपटात एक पुरुष पुरुषाचं काम करतो आणि गर्दी म्हणते, हे कसंतरीच वाटतंय. लिंगभाव हा अंगात जन्मतः असतो की तो कपडे, चाल आणि सरावातून उभा राहतो, यावर विद्यापीठांत पुस्तकं लिहिली गेली ती फार नंतर. आपल्या प्रेक्षकाने त्याचं उत्तर तिकीट काढून आधीच दिलं होतं.

आमच्या झाडीपट्टीत तर हे कोणाला सांगावंच लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, म्हणजे धानाचा पट्टा. दिवाळी झाली की मंडई भरते, रात्री दंडार होते, आणि दंडारीत बाईचं काम पुरुष करतो. दिवसा धान कापणारा, बैल हाकणारा गडी रात्री लुगडं नेसून उभा राहतो आणि समोरच्या बायाच म्हणतात, "काय दिसते बाप्पा!" पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत बायका आल्या, वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांत आज त्या कमावत्या कलाकार आहेत. पण एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आले. लुगडं नेसलेल्या पुरुषाने स्टेजवर दुसऱ्याला थोतरीत मारली तर लोक हसतात. खऱ्या बाईने मारली तर क्षणभर शांतता होते, मग टाळ्या येतात किंवा येत नाहीत. त्या एका क्षणाच्या शांततेत काय चाललेलं असतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण आजचा भाग त्या शांततेबद्दलच आहे असं समजा.

कारण रोल नसलेल्या बाईचं काय होतं, याचं एक मराठी उदाहरण आहे. शांता आपटे. प्रभातची नायिका, 'अमृतमंथन', 'कुंकू'. 'कुंकू' (१९३७) मध्ये तिची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी लावलेलं लग्न मनाने मान्य करत नाही. देवी नाही, राणी नाही, मेमसाहेब तर नाहीच. साधी मध्यमवर्गीय घरातली, मराठी बोलणारी मुलगी, मुखवटा न घातलेली. लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला. आणि मग पडद्याबाहेर? १९३९ मध्ये कराराच्या वादातून ती पुण्यात प्रभातच्याच फाटकाशी उपोषणाला बसली. एका सिनेमासिकाच्या संपादकाने काहीबाही छापलं म्हणून ती त्याच्या कचेरीत छडी घेऊन गेली, असाही किस्सा सांगतात; खरा हंटर म्हणायचा तर तो. १९४० मध्ये तिने 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं, ज्यात सिनेमाचा धंदा आत काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून मांडलाय. ग्लॅमर नाही, कामगाराची कैफियत. नादियाने पडद्यावर शंभर गुंड लोळवले तरी ती 'निडर' ठरली. शांताबाईंनी आपल्या मालकाला एक प्रश्न विचारला आणि त्या 'भांडखोर' ठरल्या. मला हा फरक सोडवत नाही.

यानंतर नादिया इतिहासातून जवळजवळ पुसली गेली. लवजी कॅसलची जागा १९४२ मध्ये शांतारामांनी घेतली आणि तिथे राजकमल कलामंदिर उभं राहिलं. स्टंटपट 'बी ग्रेड' ठरले. सिनेमाचे इतिहास लिहिणाऱ्यांना प्रभात, बॉम्बे टॉकीज, न्यू थिएटर्स प्रतिष्ठित वाटले. गिरणगावात आणि छोट्या गावांच्या टुरिंग टॉकीजमध्ये चाललेले सिनेमे लिहिण्यासारखे वाटले नाहीत. तिने १९६१ मध्ये होमींशी लग्न केलं, १९६८ मध्ये 'खिलाडी'त शेवटचं काम केलं. १९९३ मध्ये वाडिया घराण्यातल्याच रियाद विंची वाडियाने तिच्यावर 'फिअरलेस: द हंटरवाली स्टोरी' हा माहितीपट बनवला आणि ती पुन्हा चर्चेत आली. ८ जानेवारी १९९६ ला ती ८८ वर्षांची झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली.

त्याच १९९६ मध्ये पुष्पमाला एन. या कलाकार बाईने एक काम सुरू केलं: 'फँटम लेडी ऑर किस्मत'. १९९८ पर्यंत ते चाललं. पुष्पमाला मूळच्या बंगळुरूच्या, बडोद्याला शिल्पकला शिकलेल्या. मातीची शिल्पं करणारी ही बाई अचानक स्वतःच शिल्प झाली, असं म्हणा ना. काळे-पांढरे फोटो, जुन्या सिनेमाच्या स्टिलसारखे. मुंबई, रात्र, सावल्या. काळा मुखवटा आणि केप घातलेली एक बाई, म्हणजे नादियाच. पण चेहरा, रंग, अंग सगळं पुष्पमालांचं. फोटो काढले मीनल अग्रवाल यांनी, पण प्रत्येक प्रसंग रचणारी, पोशाख ठरवणारी आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी पुष्पमालाच. हा साचा युरोपातल्या 'फोटोरोमान्स'चा, म्हणजे मासिकात फोटो जोडून सांगितलेली प्रेमकथा असते ना, तसा.

आणि यात त्यांनी एक गंमत केली. गोष्टीत जुळ्या बहिणी आहेत, ताटातूट झालेल्या, अगदी आपल्या हिंदी सिनेमासारख्या. एक मुखवटेवाली न्यायी फँटम लेडी. दुसरी गुंडांच्या अड्ड्यावरची व्हँप. दोघींच्या भूमिका पुष्पमालांनीच केल्यात. थांबून विचार करा. आपल्या सिनेमाने सगळी वर्षं बाईची दोन खाती पाडली: इकडे सोज्वळ, तिकडे दारूचा ग्लास हातात असलेली. पुष्पमालांनी एकच शरीर दोन्ही खात्यांत घातलं. मग दिसतं की फरक बाईत नाही. टोप, ड्रेस, उजेड कुठून पडतो, उभं राहायची ढब, यात आहे. दंडारीतल्या गड्याला हे माहीतच आहे. तो लुगडं नेसला की बाई, सोडलं की गडी. पण तो गडी सकाळी घरी जाऊन पुन्हा पुरुष होऊ शकतो. व्हँपला असं घरी जाता येत नाही; पुष्पमालांच्या फोटोंत ती बोच आहे, म्हणून ते नुसतं विडंबन वाटत नाही.

मला विचाराल तर नादियाचा तिसरा रोल त्यांनी इथे मोडला. परकीपणाशिवाय मुखवटा. सावळी, दक्षिणेची, आपल्यातली बाई त्या पोशाखात उभी आहे आणि कोणाची परवानगी घेतलेली नाही. कपडे किंचित नाटकी वाटतात, खोटे वाटतात, हे मुद्दाम आहे. पुढे २००० ते २००४ मध्ये क्लेअर आर्नी यांच्यासोबत त्यांनी 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' हे काम केलं, त्यात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या. म्हणजे देवीचा रोलही चढवून बघितला. ती लक्ष्मी आपल्या घराघरांत कॅलेंडरवर पोहोचली ती रविवर्म्याच्या छापखान्यामुळे, जो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुष्पमालांच्या फोटोत मागचा पडदा रंगवलेला आहे हे लपवलेलं नाही. २०१२ मध्ये त्यांनी फँटम लेडीला परत आणलं, 'रिटर्न ऑफ द फँटम लेडी', या वेळी रंगीत, आणि मुंबईच्या जमिनीवर डोळा असलेल्या माफियाच्या गोष्टीत. खलनायक बदलला: वजिराच्या जागी बिल्डर. मुंबईकरांना समजावून सांगायची गरज नाही.

कॉमिक्सचं काय? अमर चित्र कथा १९६७ पासून. त्यात देव्या, राण्या, पतिव्रता भरपूर. 'झाशीची राणी'चा अंक हेमा जोशी यांनी चितारलेला, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण या धंद्यात बहुतेक ब्रश पुरुषांच्या हातात होते. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथाही काढली आणि पुढे राज कॉमिक्सचा नागराजही काढला. म्हणजे पुराणातला देव आणि हिरव्या कातडीचा सुपरहीरो एकाच हातातून उतरले. स्नायू बघा, सारखेच आहेत. याच अमर चित्र कथा वाचत मोठी झालेली न्यूयॉर्कची चित्रा गणेश हिने २००२ मध्ये 'टेल्स ऑफ अ‍ॅम्नेशिया' नावाची चित्रमालिका केली. तीच रेषा, तेच रंग, तेच फुगे, पण आतल्या बायका नवऱ्यासाठी थांबलेल्या नाहीत. काही चित्रं बघून घाबरायला होतं. तसंच व्हायला हवं.

आणि मग प्रिया. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं त्यानंतर राम देविनेनी यांनी डॅन गोल्डमन आणि इतरांसोबत 'प्रियाज शक्ती' हे कॉमिक केलं. २०१४ मध्ये ते मुंबईच्या कॉमिक कॉनला प्रकाशित झालं, धारावीत भिंतींवर तिची चित्रं रंगवली गेली, आणि फोन त्या भिंतीसमोर धरला की चित्र हलायचं. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. इंजिनियर म्हणून मला ती कल्पना भारी वाटली: अ‍ॅप कधीतरी बंद पडेल, पण भिंत राहील. प्रिया बलात्कारातून वाचलेली गावातली मुलगी आहे आणि वाघावर बसून फिरते. ती मारामारी करत नाही, लोकांशी बोलते. इथपर्यंत सगळं छान. पण तिला ताकद मिळते ती पार्वतीकडून. वाघही ओळखीचा. म्हणजे फिरून पुन्हा पहिलाच रोल. घरोघरी ओळखीच्या चित्रातून गोष्ट पोहोचते, हा त्यांचा हिशोब मला कळतो, आणि पोहोचलीही. तरी मनात येतंच: साध्या मुलीला रस्त्यावरून रात्री घरी जायला देवीची सही का लागावी?

याच्यापेक्षा मला दुर्गाबाई व्याम यांचं काम जास्त जवळचं वाटतं, आणि ते कारण नुसतं भूगोलाचं नाही. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा सातपुड्यातला जुना रेल्वेमार्ग धरला तर ज्या डोंगरांतून तो जातो, त्यांच्या पलीकडच्या परधान गोंड घरातल्या त्या. लहानपणी घराच्या भिंती-अंगणावर डिगना काढायला शिकल्या, जे बायकांचंच काम. २०११ मध्ये त्यांनी आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायन' काढलं, बाबासाहेब आंबेडकरांची चित्रगोष्ट. कॉमिकच्या चौकटी त्यांनी नाकारल्या. माणसांना चौकटीत कोंडायचं नव्हतं. प्रेमाचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, विखारी शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. त्यात कोणी उडत नाही, कोणाच्या अंगावर केप नाही. तहानलेली पोरं, स्टेशन, बैलगाडी, महाडचं पाणी. अंगण सारवणाऱ्या हाताने नायक कसा दिसतो हे ठरवलं, आणि त्याला स्नायू दिले नाहीत.

तर आता तुमच्याकडून एक काम हवंय. तुमच्या गावच्या दंडारीत, तमाशात, मेळ्यात किंवा गणपतीच्या नाटकात स्त्रीवेष करणाऱ्या काका-मामांचे जुने फोटो घरात असतील तर, त्यांना विचारून, आम्हाला पाठवा. आणि त्याहून जास्त हवेत ते दुसरे फोटो: स्टेजवर तलवार, काठी, बंदूक घेतलेल्या बायकांचे. राणी झालेल्या नकोत. पोलीस, दरोडेखोर, नांगर धरणारी, कोणीही चालेल. पहिल्या प्रकारचे फोटो माझ्याकडे आत्ताच सतरा आहेत. दुसऱ्या प्रकारचा एक आहे, माझ्या मावशीचा, आमगावकडच्या एका शाळेच्या गॅदरिंगमधला, हातात लाकडी बंदूक. मिशी काढलेली आहे कोळशाने.